घरघर कुठली आणि सूर कुठला?

गेल्या अंकात ‘चेर्नोबिल’ या, १९८६ च्या अणुवीज केंद्रातल्या अपघातावरच्या मालिकेच्या पार्श्वसंगीतावर मी जेमतेम अर्धा परिच्छेद लिहिला होता. त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवावे लागले. निम्म्या पत्रांत तक्रारी आहेत, ते ठीकच. मी तीस वर्षं मिक्सिंगच्या, म्हणजे चित्रपटाचे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज जुळवण्याच्या खोलीत काढली आहेत आणि तिथे पगार तक्रारी ऐकण्याचाच मिळतो.

ताई, तुमच्या सांगण्यावरून मालिका पाहिली. मालिका जबरदस्त, पण संगीत कुठे आहे? मला नुसती घरघर ऐकू आली. टीव्हीचा स्पीकर गेला असं वाटून मी दोनदा वायर काढून परत लावली. याला संगीत म्हणायचं का?
— एक निवृत्त गणित शिक्षक

सर, वायर काढून लावलीत म्हणजे तुमचे कान शाबूत आहेत. मी तर याहून मोठा घोळ घातलेला आहे.

नवीन होते, एका चित्रपटाच्या मिक्सिंगला साहाय्यक म्हणून बसत होते. घरातल्या दृश्यांच्या वेळी फ्रिज चालू राहिला होता आणि सगळ्या संवादांमागे त्याची घरघर होती. वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, त्यामुळे ही घरघर ५० हर्ट्‌झवर आणि त्याच्या पटींत बसते, १००, १५०, २०० अशी. चिमट्याने कुसळं काढावीत तशी मी ती एकेक काढली. संवाद लख्ख झाले. मग संगीताचा ट्रॅक लावला, तर तिथेही तीच घरघर! म्हटलं, यांच्याही स्टुडिओत अर्थिंगचा घोळ दिसतोय. तीही काढून टाकली आणि खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संगीतकार आले. पहिलं दृश्य ऐकलं, जरा थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “माझा षड्ज कुठे गेला?”

झालं होतं असं की त्यांनी संवादांमागचा तो फ्रिज आधीच नीट ऐकला होता आणि डबल बास (व्हायोलिनच्या कुळातलं सर्वांत मोठं वाद्य) त्याच्या सुरात मिळवून घेतला होता. पाश्चात्त्य पट्टीतला अगदी खालचा ‘जी’ ४९ हर्ट्‌झचा, म्हणजे फ्रिजचा सख्खा शेजारी. नवरा घर सोडून जातो त्या दृश्यात फ्रिज खट्‌कन बंद होणार आणि तोच सूर बासवर चालू राहणार, अशी त्यांची योजना होती. बघणाऱ्याला कळणारही नाही की आता घर वाजत नाहीये, बाई वाजतेय. मी फ्रिजही धुतला आणि बाईही धुतली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की घरघर आणि सूर यांतला फरक आवाजात नसतो, तो कुणी निवडला आणि कशाशी मिळवला यात असतो. ‘चेर्नोबिल’मध्ये एकही घरघर चुकून आलेली नाही. दुसऱ्या भागाचा शेवट पुन्हा पाहा. तीन माणसं पाण्याने भरलेल्या अंधाऱ्या तळघरात उतरतात आणि त्यांच्या टॉर्च दगा देतात. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची कटकट वाढत जाते. ती कटकट तुम्हाला धोका सांगते. तिच्या खाली जे पसरलेलं असतं ते काहीच सांगत नाही, ते फक्त तिथे असतं. रंग नाही, वास नाही, दिसत नाही अशा किरणोत्सर्गाला आवाज द्यायचा तर दुसरं काय करणार? व्हायोलिनं लावली असती तर आपण माणसांसाठी रडलो असतो, पण ती जागा कळली नसती.

ताई, हे संगीत एका बंद अणुवीज केंद्रात जाऊन ध्वनिमुद्रित केलं असं तुम्ही लिहिलंत. एवढा खटाटोप कशाला? कीबोर्डच्या दोन बटणांत असले आवाज मिळतात. मला तर ही प्रसिद्धीची क्लृप्ती वाटते.
— कीबोर्ड वाजवणारे एक वाचक

कीबोर्डवर मिळतात, अगदी खरं. तीच तर अडचण आहे, ते सगळ्यांनाच मिळतात.

संगीतकार हिल्दुर गुद्नादोत्तिर आइसलँडची, मूळची चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ). मालिकेचं काही चित्रीकरण लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात झालं. चेर्नोबिलच्याच जातीच्या, आरबीएमके अणुभट्ट्या तिथे होत्या. एक २००४ च्या अखेरीस बंद झाली, दुसरी २००९ च्या. हिल्दुर तिथे संरक्षक पोशाख घालून गेली. सोबत निर्माता सॅम स्लेटर आणि ध्वनिमुद्रक ख्रिस वॉटसन. हा वॉटसन म्हणजे एकेकाळचा ‘कॅबरे व्होल्टेअर’ या बँडचा संस्थापक, पुढे डेव्हिड ॲटनबरोंच्या वन्यजीव मालिकांसाठी पक्षी-प्राणी टिपणारा माणूस. बंद अणुभट्टी ऐकायला त्यांनी जंगल ऐकणाऱ्याला नेलं, ही निवडच मला फार आवडते. दारं, पंप, लांबच लांब बोळ, जे जे वाजेल ते त्यांनी टिपलं. रचनांची नावंच बघा: ‘द डोअर’, ‘पंप रूम’, ‘टर्बाइन हॉल’. वाद्य एकही नाही. त्यावर गळा हिल्दुरचा स्वतःचा.

आता तुमच्या कीबोर्डात नसलेली गोष्ट सांगते. त्यांनी तिथल्या दालनांचे ठसेही घेतले. आमच्या धंद्यात याला ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. रिकाम्या जागेत एक तीव्र, क्षणभराचा आवाज करायचा आणि तो विरेपर्यंत भिंती काय काय उत्तर देतात ते टिपून घ्यायचं. नाहीतर खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा एक सूर स्पीकरवर वाजवून नंतर हिशोबाने तेच उत्तर काढायचं. पुढे संगणकात कुठलाही आवाज त्या ठशातून काढला की तो त्याच दालनात उमटल्यासारखा ऐकू येतो. मी स्वतः हे काम फुग्यांवर भागवलेलं आहे. एका जुन्या इमारतीच्या जिन्यात ओळीने अकरा फुगे फोडले. बाराव्याच्या वेळी वरच्या मजल्यावरून एक मुलगा खाली डोकावला आणि म्हणाला, वाढदिवस कुणाचाय? त्या ठशात त्याचं ‘वाढदिवस’ अजून आहे, पुसलं नाही.

म्हणजे हिल्दुर गाते तेव्हा तिच्या आवाजाभोवती असलेला घुमारा हा कुठल्या तरी छान सभागृहाचा नाही. प्रेक्षक पडद्यावर भिंती पाहतो आणि कानाने त्याच जातीच्या भिंतींना हात लावतो. त्याला हे ठाऊक असण्याची गरज नाही. प्रसिद्धी झाली ती पुढची गोष्ट. एमी मिळालं २०१९ मध्ये, ग्रॅमी पुढच्या वर्षी.

आणि एक. सगळी मालिका अशी धुमसत राहिल्यावर अखेरीला ‘विच्नाया पाम्यात’ येतं, मृतांसाठीचं प्रार्थनागीत, ‘चिरंतन स्मृती’ अशा अर्थाचं, युक्रेनमधल्या ल्विव शहराच्या होमिन गायकवृंदाने गायलेलं. पाच भाग यंत्रांच्या पोटात राहिल्यानंतर एकदम माणसं. हीच प्रार्थना पहिल्या भागात ऐकवली असती तर मी टीव्ही बंद केला असता.

हे असलं प्रयोगी पार्श्वसंगीत म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं खूळ ना? आमच्या वेळी चित्रपटाला चाल असायची.
— नाव न छापण्याच्या अटीवर

तुमची वेळ कुठली ते लिहिलं नाहीत, पण १९५६ मध्ये ‘फॉरबिडन प्लॅनेट’ आला होता. त्याचं पूर्ण संगीत विजेच्या मंडलांमधून काढलेलं होतं, आणि करणारे होते लुई आणि बेबी बॅरन हे नवरा-बायको. (ती बाई, बेबी हे तिचं टोपणनाव.) लुई मंडलं जोडायचा, त्यांत झेपणार नाही एवढी वीज सोडायचा. ती किंचाळायची, गळा काढायची आणि जळून जायची. एकदा जळलं की तो आवाज पुन्हा मिळणे नाही. मग बेबी तासन्‌तास टेप ऐकून त्यातले जिवंत तुकडे वेचायची. मला तिचं काम जास्त अवघड वाटतं. गंमत म्हणजे याला ‘संगीत’ म्हटलं तर वादकांची संघटना हरकत घेईल अशी स्टुडिओला धास्ती, म्हणून श्रेयनामावलीत लिहिलं ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’. वर शिक्षक सरांनी विचारलेला प्रश्न तेव्हा वकिलांनी असा मिटवला होता.

टीव्हीचंही तेच. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची १९६३ ची शीर्षकधून संगीतकार रॉन ग्रेनरने कागदावर लिहिली. बीबीसीतल्याच डेलिया डर्बिशायरने ती चाचणीच्या ऑसिलेटरमधून (विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रातून), एका छेडलेल्या तारेतून, पांढऱ्या सळसळीतून एकेक सूर कापून, टेपचे तुकडे चिकटवून उभी केली. अनेक आवाज एकाच टेपवर वेगवेगळे टिपणारं बहुमार्गी यंत्र हाताशी नाही, वेगवेगळ्या टेप एकाच क्षणी सुरू करायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. ऐकून ग्रेनरनेच विचारलं की हे मी लिहिलंय? पडद्यावर तिचं नाव झळकलं २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीला. तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती. यावर मी जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

पण मला या सगळ्यांत जवळचा आहे तो रशियन संगीतकार एदुआर्द आर्तेमिएव. दिग्दर्शक तार्कोव्हस्कीने ‘सोलारिस’च्या वेळी (१९७२) त्याला सांगितलं होतं की मला संगीतकार नकोय, संगीतकाराचे कान असलेला माणूस हवाय, जो आवाजांची मांडणी करील. तिथे त्याने एएनएस नावाचं यंत्र वापरलं. येवगेनी मुर्झिनने बनवलेल्या या यंत्रात काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडे काढायचे आणि त्यातून जाणारा प्रकाश सूर होऊन बाहेर येतो. ७२० शुद्ध सूर, एका सप्तकात ७२. पण ते यंत्रही राहू दे. ‘स्टॉकर’ (१९७९) मधला एकच प्रवास घ्या. तीन माणसं रुळांवरच्या लहानशा गाडीवर बसून निषिद्ध प्रदेशात चालली आहेत. कॅमेरा त्यांच्या डोक्यांच्या मागे, कानांच्या अगदी जवळ. चाकं रुळांच्या सांध्यांवरून जातात: खडक्‌, खडक्‌. मिनिटभर तेवढंच. मग एका खडक्‌ला किंचित शेपूट फुटतं. पुढच्याचं शेपूट जरा लांब. तुम्ही म्हणता, पुलाखालून जात असतील. पूल नाही. हळूहळू प्रत्येक ठोका पाण्यात पडल्यासारखा पसरायला लागतो, आणि केव्हातरी लक्षात येतं की चाकं आता आहेतच कुठे? नेमक्या कुठल्या ठोक्याला चाक संपलं आणि संगीत सुरू झालं ते मी आजवर वीसेक वेळा शोधलं. दर वेळी वेगळा ठोका सापडतो. तीस वर्षं याच कामात असून.

मोबाइलवर ऐकलं तर चालतं का?
— एक विद्यार्थी

संवादांना चालतं, या संगीताला नाही. चेलोची सर्वांत खालची तार साधारण ६५ हर्ट्‌झची. मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढं खाली उतरतच नाही. तरी तुला तो सूर ‘कळतो’, कारण वरचे स्वरांश, म्हणजे त्याच सुराच्या पटीतले बारीक सूर ऐकून मेंदू पायाचा सूर मनानेच भरून काढतो. म्हणजे स्वर कळतो, वजन कळत नाही. शिवाय या संगीतात बरंच काही सुरांच्या घासाघाशीतून होतं. ११० आणि ११२ हर्ट्‌झचे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येतात. तंबोरा लावताना जोडीच्या तारा जवळ येतात तसा हेलकावा मंदावत जातो, ते हेच. इथे संगीतकार तो मिटवत नाही, मुद्दाम जागा ठेवतो, कधी वाढवतो, कधी कमी करतो. साध्यातले साधे तारेचे हेडफोन लाव आणि टीव्हीवर बघत असशील तर ‘नाइट मोड’ बंद कर. तो मोड हळू आवाज मोठे आणि मोठे आवाज हळू करतो. या संगीताचं त्याने पार पिठलं होतं.

ताई, आता प्रत्येक मालिकेत तोच एक ‘बूंऽऽ’ असतो. खून झाला बूं, दार उघडलं बूं, फोन आला बूं. तुम्ही ज्याचं कौतुक करता ते आणि हे, दोन्ही मला सारखंच वाटतं.
— वैतागलेली वाचक

तुमचा वैताग मी मिक्सिंगच्या टेबलावर बसून भोगलेला आहे. याचं मूळ सांगते. संकलन चालू असताना दृश्य कोरडं वाटू नये म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावतात, त्याला ‘टेम्प’ म्हणतात. दिग्दर्शक दोन महिने रोज तेच ऐकतो. मग खरा संगीतकार येतो तेव्हा त्याला सांगितलं जातं: हुबेहूब असंच पाहिजे, फक्त वेगळं. कधी कधी तर टेम्पच जिंकतो. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थने संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रितही झालं, पण दिग्दर्शक कुब्रिकने आधी लावून ठेवलेल्या रचनाच कायम केल्या. तिथे निकाल थोर लागला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. एरवी टेम्पची नक्कल, त्या नकलेचा पुढच्या चित्रपटाला टेम्प, असं करत करत तुमचा बूं तयार होतो.

उलट गोष्टही घडते. ‘जोकर’च्या वेळी (२०१९) हिल्दुरने चित्रीकरणाच्या आधी नुसती पटकथा वाचून चेलोवर सूर शोधले आणि ध्वनिमुद्रण पाठवलं. स्वच्छतागृहातल्या दृश्यात काय करायचं ते ठरत नव्हतं. दिग्दर्शक टॉड फिलिप्सने तिची रचना तिथे वाजवली आणि जोकर झालेला नट वाकीन फिनिक्स हळूहळू नाचायला लागला. तो संथ नाच कागदावर नव्हता, तो चेलोतून आला. इथे दृश्याला संगीत चिकटवलेलंच नाही, दृश्य संगीतातून निघालं आहे. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये तिला ऑस्कर मिळालं.

बूं ओळखायची माझी युक्ती अगदी घरगुती आहे. आवाज पूर्ण बंद करून दृश्य पाहा, मग चालू करून पाहा. बूंने तुम्हाला आधीच कळलेली गोष्ट परत सांगितली, म्हणजे ‘घाबरा’, तर तो भाड्याचा. दृश्यात नसलेलं काही कळलं तर थांबा आणि श्रेयनामावलीत नाव वाचा. आणि कधी कधी खरा संगीतकार काढूनही टाकतो. हिल्दुरचा जुना सहकारी योहान योहानसनने ‘मदर!’ (२०१७) साठी अख्ख्या चित्रपटाचं संगीत केलं. मग त्याने आणि दिग्दर्शक ॲरोनोफ्स्कीने मिळून ठरवलं की चित्रपट संगीताशिवाय बरा आहे. एवढ्या महिन्यांचं काम कचऱ्यात टाकायला काय लागतं ते मला विचारा. मी फक्त एक फ्रिज टाकला होता, तोही दुसऱ्याचा.

मी चेलो शिकते. ‘जोकर’मधला चेलो माझ्या चेलोसारखा वाजतच नाही. हिल्दुर धनू (गज) कुठला वापरते?
— दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

धनूचा दोष नाही, बाळ. ‘जोकर’मध्ये साध्या चेलोबरोबर हाल्डोरोफोनही आहे. हाल्डोर उल्फार्सन या आइसलँडच्याच कलाकाराने बनवलेलं चेलोसारखं वाद्य. तारांचं कंपन टिपून ते वाद्याच्याच पोटातल्या स्पीकरमधून परत सोडतात. स्पीकर तारा हलवतो, तारा स्पीकरला खाऊ घालतात, आणि सूर धनू उचलल्यावरही थांबत नाही, गुरगुरत मोठा होतो. सभेत माइक शिट्टी मारतो तोच प्रकार, फक्त इथे तो मारका बैल वेसणीत आहे. वादकाचं निम्मं काम वाजवण्याचं, निम्मं आवरण्याचं. दुसरी गोष्ट, एकटा वाटणारा तो चेलो खरं तर एकटा नाही. त्याच्या मागे वाद्यवृंद अगदी दबक्या आवाजात सुरुवातीपासून आहे आणि चित्रपटभर पुढे पुढे येतो. तुझ्या चेलोवर हे मिळणार नाही. पण धनू ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) अगदी जवळ आणून, जवळजवळ वजन न देता, एकच लांब सूर दहा मिनिटं ओढून बघ. शिक्षक ओरडतील. त्यांना माझं नाव सांगू नकोस.

झोपताना हे संगीत ऐकावं का?
— एक वाचक

नको.

मला असं काही स्वतः करून बघायचंय. यंत्रसामग्री नाही, फक्त फोन आहे. कुठून सुरुवात करू?
— एक बँक कर्मचारी

कुरकुरणाऱ्या दारापासून. चेष्टा नाही. रात्री सगळं निजल्यावर पंखा बंद करा, फोन बिजागरीपासून वीतभर अंतरावर ठेवा आणि दार इतकं हळू उघडा की पूर्ण उघडायला दोन मिनिटं लागावीत. घाई केलीत तर नुसतं ‘कर्र’ मिळेल. हळू उघडलंत तर बिजागरी अडकते, सुटते, अडकते, आणि त्या अडकण्या-सुटण्यातूनच सूर निघतो. धनूही तारेला हेच करतो. मग ते ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने वाजवा, मात्र सूरही खाली जाईल अशा पद्धतीने. काही ॲप वेग कमी करून सूर तोच ठेवतात, ते नको. निम्म्या वेगाला आवाज बरोबर एक सप्तक खाली येतो आणि लांबी दुप्पट होते. आणखी निम्मा केलात की दोन सप्तकं खाली, आठ मिनिटं लांब. माझ्या कपाटाचं दार या वेगाला लांबवर कुणीतरी म्हैस हंबरावी तसं वाजतं, आणि मधेच एका जागी बाई हुंदका देते. ती जागा साडेतीन सेकंदांची आहे. ती सापडेपर्यंत मी ते दार चाळीस वेळा उघडलं होतं.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), इफेक्ट, काही लावू नका. आधी नुसतं ऐका, डोळे मिटून, तीन रात्री. तुमच्या दारातही अशी एखादी जागा असेल. सापडली की तेवढीच कापून मला पाठवा. आणि बिजागरीला तेल घालायचं असेल तर हे सगळं झाल्यावर घाला.